मधूचा फिरता घोडा

कन्हानला आमच्या घरासमोरच्या किराणा दुकानात फोन आहे. त्या दिवशी सकाळी मी दारात सडा घालत होते, तेवढ्यात दुकानदाराने हाक मारली, "ताई, बेसाहून फोन हाये!" बादली तिथेच ठेवून मी धावले. पलीकडे सुमन होती, माझ्या धाकट्या भावाची, मधूची बायको. आवाज अगदी रोजचा होता, म्हणूनच मला काही उमजेना. म्हणाली, "ताई, आज हळूहळू या. घाई करू नका." मी वैतागले. म्हटलं, "काहून वं? आज माझी फिरवायची पाळी आहे ना?" ती म्हणाली, "आता फिरवायचं काम नाही राहिलं, ताई."

मधू गेला होता. हळू या म्हणून सांगितलं खरं, पण आमच्या घराण्यात हळू येणं कोणाला जमलंय? एका पायात माझी आणि एका पायात सुनेची चप्पल घालून मी बस गाठली. कामठीला बस जरा जास्त थांबली तर कंडक्टरवर ओरडले, सीताबर्डीला उतरले तर रिक्षावाल्याशी भांडले. भांडायला कोणीतरी हवंच होतं. ज्याच्याशी जन्मभर भांडले तो तर निघून गेला होता, आणि तेही मला न विचारता. आता त्याला गेल्याला काही आठवडे झाले, पण अजूनही मला एका जागी बसवत नाही. हे लिहिताना किती वेळा उठले, किती वेळा उगाच दार उघडून पाहिलं, याला गणती नाही. फिरवायचं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय मधू कळायचा नाही, आणि ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

मधूच्या पायाला जन्मतःच भिंगरी होती. जेवायचा तोही फिरत फिरत, हातात भाकरी, भाकरीवर झुणका, आणि अंगणभर चकरा. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "याले कोणी खुंट्याले बांधा बाप्पा!" आमचं शेत सोनेगावच्या बाजूला होतं. विमानतळावर उतरणारी विमानं शेतावरून इतकी खालून जायची की बैल बुजायचे. बाकीची पोरं हात हलवायची, मधू विमानाच्या सावलीमागे पळायचा, नांगरलेल्या ढेकळांतून पडत-उठत. एकदा गुडघे फोडून आला तेव्हा मी विचारलं, "सावली धरून काय करणार होता रे?" तर म्हणतो, "धरली असती तर वरचं थांबलं असतं ना!" पुढे तो एका तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवायला लागला. पोरांना वेल्डिंग शिकवायचं काम, उभ्याने करायचं, त्यामुळे त्याला मानवलं. लग्नासाठी सुमनला पाहायला गेलो तेव्हा हा पोह्यांची बशी हातात घेऊन उठला तो थेट कोपऱ्यातल्या शिलाई मशीनपाशी गेला, आणि सगळ्यांच्या देखत त्याने ती खोलली. मला तर धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सुमनने त्यालाच होकार दिला. नंतर मला म्हणाली, "बाकीचे पोहे खाऊन गेले, ताई. यांनी मशीनची खडखड बंद केली."

सत्तर साल उजाडण्याच्या सुमारास त्याने परदेशातून टपालाने एका छोट्या, दोन माणसं बसतील अशा विमानाचे नकाशे मागवले, आणि बेसाच्या घरामागे पत्र्याची शेड घातली. बेसा तेव्हा निव्वळ खेडं होतं. गावभर झालं की मास्तर विमान करून राहिला. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून लोक माझ्याजवळ हळूच म्हणायचे, पोर नाही ना, म्हणून विमानात जीव गुंतवला. काही लोकांना डोकं दिलेलं असतं ते फक्त टोपी घालायला! मधूला सहा पोरं असती तरी त्याने विमान केलंच असतं, आणि सहाही पोरांच्या हातात कानशी दिल्या असत्या.

विमानाचं धड म्हणजे लोखंडी नळ्यांचा लांबलचक सांगाडा. नळ्या वेल्डिंगने जोडायच्या, मग त्यावर कापड चढवायचं. सुरुवातीला मधू त्या सांगाड्याखाली उताणा पडून जोड भरायचा. वितळलेल्या लोखंडाचे थेंब त्याच्या मानेवर, छातीवर पडायचे. सुमन रोज खोबरेल लावायची आणि रोज बोलायची. शिवाय एवढा वेळ पडून राहणं त्याच्या जिवावर यायचं ते वेगळंच. एका रविवारी मी गेले तर हा शेडच्या जमिनीत दोन लोखंडी खांब रोवून बसला होता. बसला होता म्हणजे उभाच होता. प्रत्येक खांबाच्या डोक्याला भंगारातल्या टेम्पोच्या चाकाचा मधला गोल तुंबा बसवलेला. सांगाड्याचं तोंड एका तुंब्याला जोडलं, शेपटी दुसऱ्याला, आणि हाताने ढकललं तर काय, अख्खं धड तव्यावरच्या भाकरीसारखं उलथलं! मी म्हटलं, "हे काय काढलं?" तो म्हणाला, "घोडा आहे, ताई. सुतार लाकूड ठेवते तो घोडा उभा राहते, माझा फिरते. वेल्डिंगचा रस नेहमी खालीच गळते. मग जो जोड भरायचा तो वर आणायचा. माणसानं काहून वाकायचं? काम नाही वळू शकत काय?"

तोंडाकडच्या तुंब्याच्या कडेला त्याने चार छिद्रं पाडली होती. सांगाडा हवा तसा वळवला की छिद्रात खीळ घालायची, म्हणजे तो तिथेच थांबे. ही खीळ आमच्या बाबांच्या बैलगाडीच्या चाकाची. बैलगाडी विकली तेव्हा मधूने तेवढी काढून ठेवली होती. पण खीळ घालायची ती आठवणीने, आणि मधूची आठवण त्याच्याइतकीच चंचल. एकदा सांगाडा वळवला, खीळ घातलीच नाही, आणि वाकून वेल्डिंगची बत्ती पेटवायला गेला. जड बाजू गर्रकन खाली आली आणि नळी कपाळावर बसली. भळाभळा रक्त. आम्ही दोघी किंचाळतोय आणि हा कपाळाला रुमाल दाबून हसून राहिला, "पाहा, पाहा, किती मोकळा फिरते!" सुमनने त्या दिवशी कायदा केला. घोडा फिरवायचा तो आम्ही दोघींनी. सुमन तोंडाकडे, मी शेपटीकडे. वळवून झालं की मी विचारायचं, "खीळ?" तिने घालून सांगायचं, "लागली!" आणि ते ऐकल्याशिवाय कोणीही हात सोडायचा नाही. मधूसुद्धा ते ऐकल्याशिवाय बत्ती पेटवेना. मी कन्हानच्या शाळेत शिकवत होते. आठवडाभर पोरांवर ओरडायचं आणि रविवारी बेसाला जाऊन "खीळ?" म्हणून ओरडायचं, अशी माझी वर्षं चालली. सुमनच्या हातचा गोळाभात खायला मिळायचा म्हणून जाते, असं मी घरी सांगायची. खरं सांगायचं तर तिथे गेल्याशिवाय मला चैन पडत नसे.

घोड्याने एक भानगड मात्र करून ठेवली. सांगाडा सुलटा असला की त्याचं डावं अंग इकडे, उलटा केला की तेच अंग तिकडे. मधू काळा चष्मा लावून "डावीकडे घ्या!" म्हणून ओरडायचा आणि आम्ही एकमेकींच्या उलट जोर लावायचो. म्हणून आमची आमची भाषा ठरली. शेडच्या एका बाजूला लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, मोठं झाड होतं आणि दुसऱ्या बाजूला विहीर. लिंबाकडे फिरवा, विहिरीकडे फिरवा. पुढे पुढे तर चहाचा कपसुद्धा विहिरीकडे ठेवला जायचा आणि सुमनची वेणी लिंबाकडे ओघळायची. फ्लाइंग क्लबातले कॅप्टनसाहेब, ज्यांनी मधूला विमान चालवायला शिकवलं, ते एकदा शेड पाहायला आले. आमची भाषा ऐकून पोट धरधरून हसले. म्हणाले, "मास्तर, वर गेल्यावर तुमचं झाड कुठे शोधू?" आम्हीही हसलो... हसण्यावारी नेलं ते तिथेच चुकलं.

शेपटीच्या टोकाला उभं पातं असतं, नावेच्या सुकाणूसारखं. पायलटच्या पायाशी दोन पायट्या असतात आणि त्या पायट्यांपासून दोन तारा निघून त्या सुकाणूला जातात. डावा पाय दाबला की विमान डावीकडे वळायला हवं, उजवा दाबला की उजवीकडे. तारा ओवायच्या होत्या पोटाखालून, म्हणून आम्ही धड उलटं करून खीळ घातली. मधूने एक एक पायटी आणि तिची तार यांना कापडाच्या चिंध्या बांधल्या. झाडाकडच्या जोडीवर लिहिलं 'लिं', दुसरीवर 'वि'. मग धड सुलटं केलं, सुकाणू बसवलं, आणि 'लिं'ची तार सुकाणूच्या लिंबाकडच्या कानाला जोडली, 'वि'ची विहिरीकडच्या. तपासलंही. त्याने ओरडून सांगितलं "लिं दाब!", सुमनने चिंधी पाहून 'लिं'ची पायटी दाबली, सुकाणू लिंबाकडे वळलं. "बरोबर!" मी म्हटलं. मग सुमनने कापड शिवलं, मेण लावलेल्या दोऱ्याने, पोळ्याच्या बैलाला झूल घालावी इतक्या प्रेमाने. त्यावर नखांच्या रंगासारखा वास मारणारं पाणी फासलं, ते वाळून कापड ढोलकीसारखं ताठ झालं. कुठून कुठून मिळवलेलं जुनं इंजिन बसलं. आणि चिंध्या राहिल्या आत, पायाशी.

पहिल्यांदा विमान फक्त जमिनीवर पळवायचं आणि तेही मी असतानाच, असं कॅप्टनसाहेबांनी बजावलं होतं. पण ते गेले होते बाहेरगावी, चार-आठ दिवसांसाठी. मधूला तेवढा धीर! ट्रकवर घालून विमान शहराबाहेरच्या एका जुन्या मोकळ्या धावपट्टीवर नेलं. सुमन आणि मी पट्टीच्या कडेला उभ्या राहिलो, त्याच्या उजव्या हाताला. इंजिन सुरू झालं, विमान पळायला लागलं, आणि मला रडूच फुटलं, इतकं ते सुरेख दिसत होतं. थोडं ते आमच्या बाजूला सरकलं. मधूने आम्हाला टाळायला डावा पाय दाबला. विमान आणखी आमच्याकडे वळलं. त्याने आणखी जोरात दाबला... जितका तो आम्हाला वाचवायला जात होता, तितका आमच्यावर येत होता. त्याचा चेहरा मला काचेतून दिसला. मी खिळल्यासारखी उभी. सुमनने मला दोन्ही हातांनी ढकललं आणि ती स्वतः दगडांच्या चरात पडली, डावा हात अंगाखाली घेऊन. विमानाचा पंख आमच्यावरून गेला. पुढे ते तुरीच्या शेतात घुसून थांबलं, पुढचा पंखा मोडला. मधूला खरचटलंही नव्हतं.

सुमनच्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. प्लास्टर घालून घरी आलो तसा मधू तडक शेडमध्ये गेला आणि रिकाम्या घोड्याभोवती येरझारा घालत राहिला. मग हातातली 'लिं'ची चिंधी आमच्यापुढे धरली. "धड उलटं असतानी बांधली ना ही," तो म्हणाला. "तेव्हा ही पायटी लिंबाकडे होती. सुलटं केलं तर ती विहिरीकडे गेली. पण चिंधीवर लिंबच राहिला, अन् मी तार लिंबाकडे जोडली. उजव्या पायाची तार डावीकडे गेली, ताई. तपासलं तेही चिंधी पाहूनच तपासलं." झाड जागेवर होतं, विहीर जागेवर होती, फिरलं होतं ते विमान, आणि आम्ही दिशा झाडावर टांगून ठेवली होती.

सुमनचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. विमान पुन्हा घोड्यावर चढलं. मधूने कापड फाडलं, तारा काढल्या, नळी नळी कानशीने घासून पुन्हा तपासली. आम्हाला वाटलं वर्षभरात होईल. दिवाळीला म्हणायचा, होळीपर्यंत होते. होळीला म्हणायचा, पोळ्यापर्यंत. सुमनने वाकड्या हाताने अख्खं कापड पुन्हा शिवलं, आणि एके दिवशी मी गेले तर हा ब्लेड घेऊन तेही उसवत होता, एक जोड बरोबर वाटत नाही म्हणून. सुमनने सुई पदराला टोचली आणि उभी राहिली. "तुम्हाले विमान दुरुस्त नाही करायचं," ती म्हणाली. "तुम्हाले माझा हात दुरुस्त करायचा आहे. तो झाला तसा झाला. या हातानं मी पोळ्या लाटून राहिली, कपडे शिवून राहिली. मी नाही थांबली, तुम्ही काहून थांबले?" मधू म्हणाला, "भेव वाटते मले." "कायचं? पडायचं?" "नाही," तो म्हणाला, "तू पुन्हा समोर उभी असशीन तर?" सुमन एक क्षणही थांबली नाही. "मग मी समोर उभीच नाही राहणार. मी आत बसीन, तुमच्या बाजूले. मग जे व्हायचं ते दोघांचं होईन." मधूने ब्लेड खाली ठेवलं, पण उत्तर दिलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं ते उत्तर त्या घरात लोंबकळत राहिलं. विमान घोड्यावरून उतरणार की नाही आणि सुमन आत बसणार की नाही, एवढ्यावर त्या दोघांचं सगळं अडलं होतं. बाकी संसार चालू होता, पण शेडचं नाव निघालं की दोघंही उठून जायचे.

आणि मग एका सकाळी घोड्याभोवती फिरता फिरताच तो खाली कोसळला. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, एका कुशीवर ठेवू नका, पाठीला जखमा होतील, थोड्या थोड्या वेळाने कूस बदलत राहा. जो माणूस भाकरीसुद्धा बसून खात नव्हता त्याला खाटेला खिळवला! देवाला थोडी तरी लाज वाटायला हवी होती. पहिल्या दिवशी आम्ही त्याला वळवायला गेलो तेव्हा कोणी काही ठरवलं नव्हतं. सुमन डोक्याकडे उभी राहिली, मी पायाकडे. "लिंबाकडे," सुमन म्हणाली आणि आम्ही त्याला उचलून कुशीवर केलं. तसंच धरून ठेवलं असताना माझ्या तोंडून गेलं, "खीळ?" सुमनने त्याच्या पाठीशी लोड सरकवला आणि म्हणाली, "लागली." मधू आधी अर्ध्या तोंडाने हसला, मग त्या हसण्यातच रडायला लागला. आम्हीही रडलो. पण त्यानंतर तीच रीत पडली. मी विचारायची, सुमन लोड लावायची, आणि "लागली" ऐकलं की मधू डाव्या हाताचं बोट वर करायचा. एरवी शेजारची एक बाई मदतीला येई. बुधवार-रविवार माझी पाळी. निवृत्त झालेच होते, कन्हानहून निघायचं आणि भावाला फिरवून यायचं.

खाटेवरही तो स्वस्थ नव्हताच. चांगला राहिलेला डावा पाय दिवसभर चादरीत हलत असायचा. शेडकडे तोंड केलं की म्हणे भिंतीकडे करा, भिंतीकडे केलं की म्हणे शेडकडे करा. खिडकीतून घोडा दिसायचा, त्यावर विमान, आणि विमानावर धूळ. एका रविवारी आम्ही त्याला वळवायला हात घातला, तर तो म्हणाला, "थांबा. उतरवा त्याले." जीभ जड झाली होती, तुटक तुटक बोलायचा. मी इथे जोडून लिहिते आहे. सुमनने विचारलं, "कोणाले?" "विमानाले. घोड्यावरून." "अन् उडवीन कोण?" "कॅप्टन," तो म्हणाला. मग तिच्या वाकड्या मनगटाकडे पाहत राहिला, आणि इतक्या वर्षांनी त्याने ते उत्तर दिलं. "तू आत बस," म्हणाला. "मी नाही बाजूले. तरी बस." सुमन बाहेर गेली. विहिरीपाशी रहाटाचा आवाज बराच वेळ येत होता, पण पाणी काही आलं नाही.

परवानग्या, शिक्के, तपासायला आलेले साहेब, हे सगळं कॅप्टनसाहेबांनी निस्तरलं. त्याचं वेगळंच महाभारत आहे. मला आठवतो तो तारा तपासायचा दिवस. मधूची खाट आम्ही अंगणात आणली होती. त्याने पहिला हुकूम सोडला, "लिंब जाळा." मी म्हटलं, "अरे, झाड?" तर चिडून म्हणतो, "चिंध्या, ताई, चिंध्या!" जुन्या चिंध्या सुमनने बंबात घातल्या. मग त्याने तिला विमानात बसायला सांगितलं आणि विचारलं, "मोडका हात कोणता?" तिने डावा हात वर केला. "ती डावी बाजू," तो म्हणाला. "आता विमान उलटं करा, सुलटं करा, खड्ड्यात घाला. तिचा हात तिच्याचजवळ राहते. दिशा झाडावर नाही ठेवायची, बसणाऱ्यावर ठेवायची." मग तो खाटेवरून ओरडायचा, "मोडका!" सुमन त्या बाजूचा पाय दाबायची, आणि मी शेपटीमागे, तिच्यासारखंच पुढे तोंड करून, माझा डावा हात वर धरून सुकाणू पाहायची आणि ओरडायची, "मोडका!" "चांगला!" "चांगला!" माझा घसा कोरडा पडला. म्हटलं, "पुरे ना बाप्पा आता!" तर म्हणे, "पुन्हा." कॅप्टनसाहेबांनी स्वतः तपासलं तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले. विमान निघालं आणि घोडा रिकामा झाला.

कॅप्टनसाहेबांनी आधी एकट्याने बरेचदा उडवून पाहिलं. मग थंडीतल्या एका सकाळी सुमन गेली, पातळावर माझा स्वेटर आणि डोक्याला मधूचा मफलर बांधून. जाताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने. मी मधूजवळ थांबले. खाट अंगणात, एका बाजूला झाड, एका बाजूला विहीर. मला काही बसवेना. झाडापर्यंत जायची, परत यायची, विहिरीत डोकावायची, परत यायची. काही झालं तर याला काय सांगू? हा विचार डोक्यातून जाईना. इतक्यात आठवलं, त्याला वळवायची वेळ होऊन गेली होती, चहापासून पाठीवरच होता. शेजारच्या बाईला हाक मारली आणि त्याच्या पायांना हात घातला. तो म्हणाला, "आता नको." "अरे, पाठ सोलून निघन ना!" "राहू दे, ताई. आता फिरवू नको."

आणि मग तो आवाज आला. बेसावरून, सोनेगावच्या बाजूने, आधी भुंग्यासारखा, मग मोठा. मी मान इतकी वर केली की चक्कर आली. शेजारची बाई हात जोडून उभी. मधूला मात्र मान वर करावी लागली नाही, तो उताणाच होता, त्याला सगळं सरळ दिसत होतं. रुपेरी पंख, सुमनने पसंत केलेला शेंदरी पट्टा. विमान आमच्यावरून गेलं, वळलं, पुन्हा आमच्यावरून आलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा डावा पाय, जो झोपेतसुद्धा हलत असायचा, तो थांबला होता. उभ्या जन्मात मी माझ्या भावाला असा निवांत पाहिला नव्हता. सुमन परत आली तेव्हा केस विस्कटलेले, डोळे लाल. मधूने पहिला प्रश्न विचारला, "लिंब कोणत्या बाजूले दिसला?" ती म्हणाली, "जातानी मोडक्या हाताकडे, येतानी चांगल्या हाताकडे." "बरोबर," तो म्हणाला. "अन् विहीर?" "विहीर कोण पाहते?" सुमन म्हणाली. "मी तुम्हाले पाहून राहिली होती."

त्यानंतर काही आठवड्यांनी तो गेला. सुमन सांगते, सकाळी त्याला शेडकडे वळवलं, पाठीशी लोड लावला, "लागली" म्हटलं. बोट वर झालं नाही. एवढंच.

रविवारी मी अजूनही बेसाला जाते. घरातले म्हणतात, आता कशाला? त्यांना काय सांगू, पाय आपोआप निघतात. विमान क्लबात कॅप्टनसाहेबांकडे आहे. शेडमध्ये नुसता घोडा उरला आहे, दोन खांब आणि दोन तुंबे. भंगारवाला विचारून गेला, सुमनने त्याला फाटकातूनच परत लावलं. परवाच्या रविवारी आम्ही शेड झाडून काढली. झाडून झालं तरी घरात जावंसं वाटेना. केव्हा कोण जाणे, सुमन तोंडाकडच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली आणि मी शेपटीकडच्या. तिने दोन्ही हातांनी तुंबा फिरवला. "तुमच्याकडचं फिरलं काय, ताई?" तिने विचारलं. माझे हात माझ्या तुंब्यावर होते. तो हलला नव्हता. मध्ये जोडणारं काही नव्हतंच. "नाही वं," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली, तुंबा घट्ट धरून. मी विचारल्याशिवाय ती हात सोडणार नाही, हे मला ठाऊक होतं. कायदा तिचाच होता. मीही माझा तुंबा घट्ट धरला आणि म्हटलं, "खीळ?"

तिने वाकड्या हाताने बाबांच्या गाडीची खीळ उचलली, छिद्रात घातली, दाबून पाहिली.

"लागली," ती म्हणाली.

मग आम्ही दोघींनी हात सोडले.